इलेशन आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा घरी सुखरूप पोचलो. तुझ्याकडे चार दिवस राहिलो, तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर, खणावर चिठ्ठी दिसली: साखर, चहा, चमचे. आरशावरसुद्धा ‘आरसा’! तीस वर्षं विम्याच्या दाव्यांची पाहणी केली; वस्तू पाहून काय घडलंय ते मला कळतं. शब्दकोड्यात सापडलेला एक भारदस्त इंग्रजी शब्द वापरतो: माझं इलेशन, म्हणजे अनुमान, असं की तुला विसर पडू लागला आहे. वृद्धाश्रमात तुझ्यासाठी खोली धरून ठेवली आहे. सोबतच्या फॉर्मवर सही कर. घराचं मी बघतो.

काळजीत असलेला,
धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., या खेपेस जरा हात आखडून.

शब्द मिरवायचा तर त्याची कुळकथा तरी ठाऊक असावी. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी पट्टीच्या धाकावर लॅटिन शिकवलं. इलेशन आणि इन्फरन्स एकाच क्रियापदाच्या पोटचे. मूळ अर्थ, आत वाहून आणणं. पाचेकशे वर्षांपूर्वी तो इंग्रजीत शिरला, पंडितांच्या वादांत मिरवला, आता त्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. तू मात्र त्याच्या अर्थाला जागलास. माझ्या घरात जे नव्हतं, ते बाहेरून आणून ठेवलंस.

चिठ्ठ्या माझ्यासाठी नाहीत. भांडी घासायला येणाऱ्या मावशी साठाव्या वर्षी वाचायला शिकताहेत. शाळेतून मी निवृत्त झाले, शिकवण्यातून नाही. तू चार दिवस त्यांच्या हातचा चहा प्यायलास. दर डब्यापाशी थांबून त्या अक्षरं पुटपुटत होत्या, ते पाहणीवाल्या साहेबांना दिसलं नाही. एकदा विचारलं असतंस तर जीभ झिजली असती का?

तुझा फॉर्म वाया गेला नाही. मावशींनी धडा म्हणून वाचला. ‘स्मृतिभ्रंश’पाशी अडल्या, अर्थ विचारला. मी सांगितलं, सख्ख्या बहिणीला विचारायचं विसरणं.

सही करणार नाही. घर माझं आहे. डोकंही.

उरलीसुरली माया तुझ्याकडे पोचो.
ताई

१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोली सोडली. चुकलो.

तुझ्या पत्रावरून माझं इलेशन असं, की तू किंचित रागावली आहेस.

बरोबर आहे का?

धाकटा