बाबूलदेवाचा उदय

५ मार्च १९२६

रोम पडलं. आज दुपारी, जेवणानंतर. दादा म्हणाला, "एका पानात उरकून टाक, शामकला. पडलेल्या लोकाईवर कागद कायले खर्चायचा?"

एक हजार वर्षं उभं राहिलेलं राज्य, आणि आमच्या बंगईच्या चार झोक्यांत आडवं!

भोजराजदादा माझा थोरला भाऊ, या गावचा मालगुजार, म्हणजे जमीनदार. 'जगातील राज्ये व धर्म यांचा उदय' असा ग्रंथ लिहितो आहे. म्हणजे तो बंगईवर बसून बोलतो, लिहिते मी. पुस्तकं माझ्या यजमानांची. ते नागपूरला शाळेत इतिहास शिकवत. ते गेल्यावर मी त्यांची पेटी घेऊन आमगावच्या स्टेशनावर उतरले. पेटीचं स्वागत माझ्यापेक्षा बरं झालं. दादानं त्यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. चित्रं पाहिली. तेवढ्यावर ग्रंथ!

९ मार्च

दादाचा आजचा शोध— बाबिलोन म्हणजे बाभूळवन. बाभळीचं रान! आणि बाभळी आपल्याकडं भरपूर. म्हणून ते लोक इथूनच गेले.

"मग आंबे सोडून बाभळीच काऊन नेल्या?" मी विचारलं.

"तू लिही."

लिहिलं.

२२ मार्च

मिसर देश झाला. तिथले राजे आपल्या बहिणींशी लग्न करत, असं पुस्तकात आहे. दादानं ते गाळायला लावलं. पिरॅमिड मात्र ठेवले. "आपल्या घराण्याचंही कायतरी दगडाचं पाहिजे," असं म्हणून बराच वेळ तलावाकडं बघत बसला. मला तेव्हाच धास्तावायला हवं होतं.

२ एप्रिल

तलाव आटत आला, गाळ उपसणं चालू आहे. आज मंगरू धावत आला— खालच्या टोल्यावरचा, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतला, आमच्याकडं कामाला असतो. "मालक, पारीखाली दगड लागला जी. तोंड हाये त्याले!"

सगळं गाव तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, लोटलं. मीही गेले. कमरेइतका दगड. वरच्या बाजूला झिजलेलं काहीतरी कोरलं आहे. मला म्हैस दिसली. दादाला सिंह दिसला, त्यावर माणसाचं डोकं, त्याला दाढी, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी!

"बाबिलोन!" दादा ओरडला. खरंच ओरडला. डोळ्यांत पाणी.

४ एप्रिल

कोणीतरी दगडाला शेंदूर फासला. आता म्हैसही दिसत नाही.

१२ एप्रिल

दादानं नागपूरहून जागेश्वरशास्त्री नावाचे गृहस्थ बोलावले. तीन दिवस राहिले, तूप बरंच खाल्लं. दगडाकडं एकदाच गेले. ऊन फार होतं म्हणे. निकाल दिला तो सावलीत बसून: "ही प्राचीन सम्राटकुलाची देवता. आपण त्या कुलाचे वंशज असण्याचा दाट संभव आहे."

असण्याचा दाट संभव! तूप थोडं जास्त वाढलं असतं तर संभवही गळाला असता.

गावकऱ्यांना बाबिलोन म्हणता येत नाही. ते म्हणतात बाबूलदेव.

१३ एप्रिल

दहा दिवसांत देव. पुस्तकातल्या लोकांना उगाच शतकं लागली.

२६ एप्रिल

चौथरा झाला. झेंडा झाला. आरती दादाच्याच हातानं. तिकडं देव बसतो आणि इकडं दादा. दोघांनाही उठवावं लागतं. कोणाच्या म्हशीनं दूध सोडलं, कोणाचा हरवलेला बैल सापडला, सगळं बाबूलदेवानं केलं. मेलेल्या म्हशीबद्दल मात्र कोणी त्याला विचारत नाही.

आज सुमेर लिहून झालं. यजमानांनी पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंय: "आधी देव आला, मग देवाभोवती भिंत, मग भिंतीवर पहारा. त्याला पुढं राज्य म्हणू लागले." दादाला वाचून दाखवलं. म्हणाला, "बराबर हाये. भिंत पाहिजे."

मी कशाला तोंड उघडलं!

१ मे

भिंत नाही, पण काटेरी कुंपण झालं. आमचा गडी टिकाराम लठ्ठ, म्हणजे जाड काठी, घेऊन बसतो. आणि खालच्या टोल्याचा घाट बंद! का तर तो देवाच्या समोर येतो, विटाळ होतो. पिढ्यान्‌पिढ्या ती माणसं त्या कोपऱ्यातून पाणी भरत आली. ती दगडी म्हैस चिखलात पडून होती तोवर कोणाचा विटाळ नव्हता.

त्यांना आता वाघ नदी. वैशाखात! डोहात हिरवं पाणी उरलंय तेवढंच.

५ मे

मंदाबाई रस्त्यात दिसली. मंगरूची बायको. डोक्यावर पाण्याचे दोन गुंड, मागं पाच वर्षांची कुंदी, तिच्याही डोक्यावर लोटा. पोरीचे पाय पोळत होते, ती सावलीतून सावलीत उड्या मारत चालली होती.

"मंदा, तुम्ही काही म्हणत नाही का?"

"कोनाले म्हनायचं बाईजी? मालकाले म्हनलं त मालक म्हनते, देवानं सांगतलं. देवाले म्हनाव त कुंपनाच्या आत जाता येत नाई."

दगड उकरून काढला तिच्याच नवऱ्यानं.

६ मे

दादाशी भांडले.

"तुझ्या ग्रंथात असं लिहू का, की आमच्या सम्राटांनी पहिला पराक्रम केला तो पाच वर्षांच्या पोरीला तहानलेलं ठेवण्याचा?"

"देवाचा नियम हाये."

"देव कधी बोलला तुझ्याशी?"

"बोलन तेव्हा आयकून घेईन. तू त देव नाईस ना?"

बंगई चालू. कर्र-कर्र.

११ मे

केलं!

लहानपणी मावशीच्या अंगात येत असे, ते पाहिलेलं. श्वास ओढायचा, घुमायचं, केस सोडायचे. फार अवघड नाही. पोळ्या लाटणं याहून कठीण. मंगळवारची आरती, सगळं गाव जमलेलं. टाळ चढले आणि मी मोकळ्या केसांनी दादासमोर उभी.

"माह्या पान्यावर पहारा कोनं बसवला?"

टाळ थांबले. टिकारामच्या हातातून लठ्ठ पडला. ज्या माणसानं बाबिलोनला बाभूळवन केलं, त्यानं आरतीचं ताट खाली ठेवलं, हात जोडले. म्हणाला, "देवा... तुझं नाव?"

"तूच ठेवलंस ना!"

हसू कसं आवरलं, माझं मला माहीत. मग सांगितलं— घाट उघडा. माझ्या पाण्याला विटाळ नाही. जो शिवेल त्याचाही नाही. आणि पडले. जरा जपूनच पडले, चौथऱ्याला धार आहे.

१२ मे

घाट उघडा. कुंदी पाण्यात कमरेपर्यंत!

१४ मे

दादानं मला एकटीला गाठलं. "शामकले, खरं सांग. ढोंग व्हतं ना?"

"तुझा देव खरा असेल तर मी खरी."

बिचारा. बंगईवर जाऊन बसला.

१८ मे

आज कुठकुठल्या बाया आल्या. आमगावहून छकड्या. मला आता कोणी बाईजी म्हणत नाही. माय म्हणतात. एकीनं माझे पाय धुतले आणि ते पाणी— लिहवत नाही. काय माणसं आहेत! डोकं गहाण टाकायला उन्हातान्हात कोसकोस चालत येतात.

ओरडून सांगावंसं वाटतं की अगं, मी शामकला, मला साधा भात मऊ लावता येत नाही. पण सांगितलं की घाट बंद. दादा त्याचीच वाट बघतोय. टिकारामचा लठ्ठ कोपऱ्यात उभाच आहे.

म्हणजे दर मंगळवारी घुमायचं. पाऊस पडेपर्यंत तरी.

२५ मे

कुंदीला ताप. तीन दिवस जुलाब. नदीचं ते हिरवं पाणी घाट उघडल्यावर कोणी पीत नाही, पण त्याआधी दहा-अकरा दिवस प्यालीच ना पोर. की आणखी कशानं? मला काय कळतं.

आरतीच्या वेळी मंदाबाईनं तिला कुंपणाशी आणून माझ्यासमोर ठेवलं. डोळे खोल गेलेले. दादा हाताची घडी घालून उभा. "लाव ना हात. तुह्याच देवाचा हुकूम हाये, विटाळ नाई म्हनून."

जिभेवर आलं होतं— गाडी जुंपा, आमगाव गाठा, आगगाडीत बसवा, गोंदियाच्या डॉक्टरकडं न्या. पण दवाखान्यात पाठवणारा देव कोणी पाहिलाय! दादा हसला असता. एका हसण्यानं सगळं गेलं असतं. सगळे बघत होते.

मी हात ठेवला. कपाळ चटका बसेल इतकं तापलेलं. अंगारा लावला.

घरी येऊन बसवेना. चपला न घालताच खालच्या टोल्यावर गेले. मंगरू अंगणात दोरी वळत बसला होता, चेहरा अगदी निवांत.

"मंगरू, पोरीला गोंदियाला ने. आत्ता. गाडी मी देते."

"कायले माय? तुमी अंगारा लावला ना."

"अरे, तो चुलीतला राखुंडा आहे! मी ढोंग करते. माझ्या अंगात काही येत नाही. तुमचा घाट उघडावा म्हणून केलं सगळं. ऐकतोस का? खोटं आहे!"

तो उठला. हात जोडले. हसत होता, आनंदानं.

"देव असाच बोलून राहते जी. परीक्षा पाहते मानसाची. आमी नाई डगमगनार."

मी त्याच्या पाया पडले. खरंच पडले. तर तो मागं सरकून जमिनीवर लोटांगण घालून मोकळा झाला. शेजारपाजारचे सगळे धावले, तेही आडवे. मी किंचाळले, पोरीला उचलायला आत जाऊ लागले. मंदाबाई दारात उभी राहिली. पोरीला झोप लागलीय म्हणे, मायच्या हातानंच लागलीय. उठवू नका.

मी परत आले.

२६ मे

कुंदी सकाळी गेली.

दुपारी मी चौथऱ्याशी बसले होते, तिथं मंदाबाई आली. कुंपणाशी टिकारामनंही अडवलं नाही. माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "माहंच कुठंतरी चुकलं असन, माय."