हिरवाच राहिलेला दिवा

प्रिय गुंजे,

आधीच सांगते, तुझे बाबा, आपले यादोरावकाका, सुखरूप आहेत, नुसता गुडघा सुजलाय. आठ दिवस झाले त्या गोष्टीला.

आसगावच्या नाल्यावर आपण दोघींनी दिवा बसवला ना, पाणी रपट्याच्या बुटक्या पुलावर चढलं की लाल, नाहीतर हिरवा, त्याचं पाणी मोजणारं कार्ड वीज पडून जळालं. मी नागपूरहून दुसरं आणून बोर्डावर चढवलं. त्याच्या पिना वेगळ्या, म्हणून बोर्ड सुरू करून देणाऱ्या बूटलोडरसाठी ओव्हरले, म्हणजे नव्या कार्डाची ओळखचिठ्ठी, तीही नवी लिहिली. तू यादोरावकाकांना सांगायचीस तसंच, घरात नवा पाहुणा आला की दारातच ओळख करून द्यायची, नाहीतर आत त्याला कोणी विचारत नाही. पण बाई, माझं ओव्हरले लागलंच नाही. खरं तर बोर्डाने तिथेच थांबायला हवं होतं. पण उद्घाटनाच्या दिवशी सरपंचांसमोर तो असाच अडला, तेव्हा मीच चिडून बूटलोडरमध्ये लिहून ठेवलं होतं, ओव्हरले नाही लागलं तरी पुढे जा. तू किती भांडलीस, मग निदान दिवा तरी लाल ठेव म्हणून! मी म्हटलं, कायले भेतेस वं एवढी?

गेल्या सोमवारी बोर्ड सुरू झाला, कार्ड त्याला दिसलंच नाही, म्हणून पाणी चढूनही दिवा हिरवाच. काका सायकल घेऊन रपट्यावर उतरले. मधोमध पाणी मांडीपर्यंत आलं, सायकल वाहून गेली. पलीकडून सुखराम धावला म्हणून वाचले. त्या बाजूने दिवा दिसत नाही, म्हणून तो हिरवा होता हे त्यालाही ठाऊक नाही. अर्ध्या तासात मी जाऊन सगळं नीट केलं आणि कोणाला काही बोलले नाही.

आता काका सगळ्यांना सांगतात, माह्या पोरीची मशीन कायले खोटी बोलंल? दिवा लालच असंल, मलेच हिरवा दिसला. डोळे गेले म्हणून शेतात जाणं सोडलंय. काल माझ्यासमोर काकूंना त्यांच्याच लुगड्याचा रंग विचारत होते, बरोबर दिसतो का पाहायला. मी चहा पीत बसले, लाज नाही वाटली मला. शनिवारी भंडाऱ्याला डोळे दाखवायला निघालेत. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातलीय, पोरगी नोकरी सोडून येईल म्हणतात.

ती शपथ मी मोडतेय, कारण तुला एकदा लिहून टाकलं की मला मागे फिरता येणार नाही. उद्या सकाळीच त्यांच्यापुढे बसून सांगणार आहे, काका, तुमचे डोळे चांगले आहेत, दिवा हिरवाच होता, चूक माझी आहे.

तुझीच, तुझ्या शिव्या खायला तयार असलेली,
रत्नमाला