गोमुखीतला हात

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. डाव्या हाताने. अक्षर आर्टिस्टिक येतंय. उजव्या हाताची बोटं स्कूटरच्या अपघातापासून जरा आखडलीत, इतकंच. दोन वर्षं झाली, पण सुटतील.

यात्रा कंपनीत बुकिंग डेस्कची जागा आहे. जाहिरातीत लिहिलंय, दिव्यांग उमेदवारांनी लागणाऱ्या सोयी आधी कळवाव्यात. मी दिव्यांग नाही. मग काय कळवू?

५ फेब्रुवारी
वैदेही म्हणते, फोन करून सांगून टाक, माऊस डावीकडे हवा आणि टायपिंगला थोडा जास्त वेळ. म्हटलं, केला फोन. केला नाही. बायकोशी खोटं बोलणं वाईट, पण नोकरी लागली की ते खोटं राहणारच नाही. शर्टाची बटणं तीच लावते. तिला हौस आहे.

८ फेब्रुवारी
आयडिया! अण्णांची गोमुखी. जपाची माळ धरलेला हात झाकायची पिशवी. दुर्गाघाटावरच्या अण्णा भटजींचा मुलगा जपात असला तर शेकहँडला हात कोण मागणार? माळ आत ठेवली नाही. बोटांत राहत नाही. बघणार कोण?

१० फेब्रुवारी, सकाळी
आई दही-साखर घेऊन आली, हात पुढे कर म्हणाली. डावा चालत नाही. गोमुखी दाखवली, तर तिने चमच्याने भरवलं. पस्तिशीच्या माणसाला. असो. दुपारपर्यंत मी नोकरदार.

१० फेब्रुवारी, दुपारी
लिहिण्यासारखं काही नाही.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी
लिहितो. मुलाखत कंपनीच्या मालविका मॅडमकडे होती, त्या हिंदीवाल्या. मी गोमुखी छातीशी धरून बसलो. त्यांनी हात जोडले आणि गप्प. मीही गप्प. मग हळूच म्हणाल्या, जप में बोलते थोड़े हैं, माला पूरी कर लीजिए, हम रुके हैं. जपात बोलायचं नसतं, हे मला सुचू नये! भटजींच्या मुलाला!

मनगट हलवत बसलो. चहा आला, निवला. बाहेरचे उमेदवार डोकावून नमस्कार करून गेले. शेवटी माळ संपल्यासारखी मान हलवली. मॅडम म्हणाल्या, माला आँखों से नहीं लगाएँगे?

हात बाहेर काढावा लागला. माळ नव्हती. नुसता हात.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, काम में जो सुविधा चाहिए बता दीजिए, हो जाएगा. मी म्हणालो, कुछ नहीं, सब नॉर्मल है. मग टेस्ट. माऊस उजवीकडे. डावा हात सारखा कीबोर्डवरून पलीकडे नेत होतो. त्यांनी विचारलं, इधर रख दें? मी म्हणालो, आदत है. एकही बुकिंग पुरं झालं नाही. लाजेने कान तापले होते. अजून तापलेत. वैदेहीला सांगितलं, छान झाला इंटरव्ह्यू.

१२ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. जागा दुसऱ्याला दिली, पुढच्या महिन्यात आणखी एक निघेल. बरंच झालं. तिथे उजेड कमी होता.

अण्णांनी दोन दिवस उपरण्याखाली जप केला, आज संध्याकाळी गोमुखी हवीच म्हणाले. ऑफिसातच राहिलीय. मॅडमना मेसेज केला. लगेच उत्तर आलं, सँभालकर रखी है, कल ले जाइए. और कुछ चाहिए था आपको?

टाइप केलं, माउस बाईं तरफ़. अण्णा आतून हाका मारत होते.

खोडलं. लिहिलं, जी नहीं, बस गोमुखी.