दोघींच्या सहीचे शब्द

१२ जाने., रवि.
आबिड्सच्या फुटपाथवर जुनं व्याकरण मिळालं, कानडीचं. वाचता कुठं येतंय, पण तक्ते बघायला बरे. माझं शिक्षण सगळं असंच, फुटपाथवरचं. वरच्या मजल्यावर राजक्काला दाखवायला नेलं. पूर्वी हिसकावून घेतलं असतं. आज मांडीवर ठेवून नुसतं कुरवाळत बसली.
राजक्काच्या नि माझ्या भाषेच्या वहीत क्रियापदांचं पान अर्धंच आहे. टेलिफोन एक्स्चेंजात शेजारी-शेजारी बसायचो तेव्हापासूनची ही आमची भाषा. सुपरवायझरला कळू नये म्हणून दोघींनी मनानं रचलेली. तो बिचारा कधीच गेला. भाषा राहिली.

१५ जाने., बुध.
राजक्काच्या सुनेनं, पद्मानं, जिन्यात थांबवलं. "आंटी, हम लोग बंगळूर शिफ्ट होरे. अत्तम्मा को भी लेके जारे." सासूलाही नेणार. दोन तारखेची तिकिटं. डॉक्टर म्हणाले, राजक्काचं विसरणं वाढतच जाणार.
म्हणजे अठरा दिवस. क्रियापदं राहिलीत, नाती राहिलीत, दुखण्याखुपण्याचे शब्द... ती आहे तोवर वही पुरी व्हायलाच हवी.

१९ जाने., रवि.
नियम पहिल्यापासूनचा. कुणीही शब्द आणावा, आठ दिवस बोलून बघावा, मग दोघींनी सही करावी. शां. आणि रा. शब्द वहीतून काढून टाकायचा असला तरी दोघींचीच. किती शब्द फेकले तिनं माझे! जवळ बसून गुपचूप चहा पिणारं माणूस, त्याला मी 'ओलिम' काढला, त्यावर तीन महिने भांडण. "नक्को शांता, दवा का नाम लगरा." मग एक दिवस तिनंच मला ओलिम म्हणून हाक मारली. सही केली.
आता आठ-आठ दिवस कुठून आणू.

२३ जाने., गुरु.
एका दुपारी एकतीस शब्द! मी सांगायचे, ती "हौ" म्हणायची, सही. पुन्हा हौ, पुन्हा सही. वाटलं, घाई तिलाही कळली. खालून गरम जिलबी आणली, शेजारीपाजारी वाटली. वर्षात इतकी हलकी झाले नव्हते.

२४ जाने., शुक्र.
उरलेली जिलबी द्यायला वर गेले. माझा चेहरा बघून पद्मा म्हणाली, "इत्ता खुश मत हो आंटी. अत्तम्मा आजकल हर बात पे हौ बोलरे. कल चादरवाला आया, चार चादरां ले लिये." हसत सांगत होती बिचारी. मीही हसले. खाली येऊन वही उघडली. तिच्या सगळ्या सह्या एकाच वळणाच्या, उतरत गेलेल्या. काल दिसल्या नव्हत्या? दिसल्या होत्या.

२६ जाने., रवि.
राहवलं नाही. हे गेले त्या वर्षी मी 'विधवा'साठी शब्द नेला होता. ती माझ्याआधी चार वर्षं त्यातून गेलेली. वही मिटून म्हणाली होती, "नक्को. सब जबानां में है ये. हमारी में नक्को." पुढे दोनदा-तीनदा हट्टानं विचारलं. दर वेळी नक्को. एकदा तर आठवडाभर बोलली नाही.
आज तोच शब्द पुन्हा नेला. अर्थ सांगितला, सावकाश, तीनदा. गोड हसली. "हौ." पेनासाठी हात पुढे केला. मी वही मागे ओढली.
मडकं वाजवून बघावं तशी बघितली मी तिला. आपल्या माणसाला.

३० जाने., गुरु.
त्या एकतीस शब्दांना शब्द म्हणवत नाही. काढून टाकायचे तर तिची सही लागते. मागितली तर देईल. तेच तर...
दिवसभर तिच्या केसांना तेल लावत बसले. वही नेलीच नाही. ती डोळे मिटून होती. बरं वाटलं दोघींना. मला तरी.

१ फेब्रु., शनि.
एकतीस ठिकाणचं माझं 'शां.' खोडलं. तिचं 'रा.' तसंच ठेवलं. तिनं काही लबाडी केली नाही, मी केली. आता ते शब्द अडलेत ते माझ्यापाशी. क्रियापदांचं पान अर्धंच राहिलं.
वही तिच्या सामानात ठेवू का विचारलं. पद्मा म्हणाली, "आपके पास रख लो आंटी, वहाँ कौन पढेगा?" इथं तरी कोण वाचणार आहे. माझी नातवंडं मराठी अक्षरं लावून लावून वाचतात, ही भाषा कुठली वाचणार. ठेवून घेतली.

२ फेब्रु., रवि.
काचीगुडा स्टेशन. गर्दी, पद्माची धावपळ, बॅगा मोजणं. राजक्काला खिडकीशी बसवलं, शेजारी टेकले. पाणी हवं? हौ. शाल देऊ? हौ. मीपण येते गं, येऊ का? हौ, म्हणाली आणि सरकून जागा केली. खरोखर केली, पदर आवरून.
उतरले. बाहेरून काचेला हात लावला, तिनं आतून लावला. आमच्या भाषेत काहीतरी बोलावं असं फार वाटलं. एकही शब्द आठवेना.
गाडी सुटायच्या आधी ओठांवर आलं होतं, मी आठवेन ना तुला? विचारलं नाही. हौ म्हणाली असती.