भाऊरावच्या घरची पोळी

८ नोव्हेंबर
झालं! आम्ही चर्चच्या पंचांनी ठरवलं — भाऊरावला रविवारच्या उपासनेतलं प्रभुभोजन नाही. नोएडाच्या नव्या मंडळीत जाऊन त्याने दुसरा बाप्तिस्मा घेतला, नुसत्या येशूच्या नावाने. "पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तिघं नाहीतच रे दामू, एकच आहे," म्हणतो. प्रसन्न, आमच्यातला सर्वांत तरुण पंच, म्हणाला, "काका, हे सरळ पाखंड आहे." आहेच! मीही हात वर केला. घरी येताना मात्र पाय उचलेना.

१० नोव्हेंबर, रविवार
भाऊराव आला नाही. पण चर्चच्या गेटवर गार्डकडे पोळीचा डबा! कुणाच्या ध्यानातच नव्हतं — प्रभुभोजनाची बिनमिठाची पोळी वर्षानुवर्षं त्याच्याच घरून येते, शीलावहिनी करतात. डबा मधे, पंच भोवती. शेवटी रेवतीबाई म्हणाल्या, "शीलाने थोडाच पंथ बदललाय?" प्रसन्न — "चलो, तिच्या हातची चालेल."
मोडली. खाल्ली. आमेन. जरा जाड होती.

१३ नोव्हेंबर
आज भाजीवाल्याशी बोललो तेवढंच, तेही हिंदीत. विनय ऑफिसातून आला — "बाबा, जेवलात?" — की लॅपटॉप. लेक गुणाचा आहे, पण दमतो.
दिल्लीत मराठीत भांडायला मला एकच माणूस होता! संध्याकाळी आर. के. पुरमच्या पार्कात आमचा बाक ठरलेला. आज एकटाच बसलो. शेंगा सवयीने दोघांच्या घेतल्या. निम्म्या खारीला.

१७ नोव्हेंबर, रविवार
डबा आला. पोळी कडेला करपलेली. रेवतीबाई हसल्या, "शीला म्हातारी झाली!"

२४ नोव्हेंबर, रविवार
पुन्हा जाड, पुन्हा करपलेली. आई म्हणायची, काठी मारून पाणी तुटत नाही. आम्ही काठी टाकायला तयार नाही. फोन हातात घेतला, ठेवला. मत चुकीचं ते चुकीचंच. पण माणूस?

१ डिसेंबर, रविवार
गेटवर डबा नव्हता. मीच आणायला गेलो. दार उघडंच. शीलावहिनी खुर्चीत, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.
"दिवाळीच्या सुट्टीत पडले, भावजी. तेव्हापासून हेच लाटतात. म्हणतात, मला नाही तर नाही, मंडळी उपाशी नको."
भाऊराव पोळपाटाशी. कोपरापर्यंत पीठ.
"तिघं का एक ते मागनं भांडू, दाम्या. बघतोस काय? करपतेय ती!"
मी पलटली.