अक्कांनी धुतलेली बाटली

॥ श्री ॥

म्हैसूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वाणीस अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इथून रोज तुमच्या शाळेत जाणाऱ्या राघवेंद्राच्या हाती हे पत्र देते आहे. मला फोनवर धड ऐकू येत नाही, आणि तुमच्या घरचा फोन माझा भाऊ भीमसेन आधी उचलतो. पत्र शाळेतच वाच, घरी नेऊ नकोस.

लघवीची जळजळ आणि ताप अजून चालूच आहे. दिवाळीत तुला हेच झालं होतं, तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन तू लगेच चकल्या तळायला बसलीस. त्याच गोळ्या मला दिल्या, तर ढिम्म परिणाम नाही. तुझी लेक सुप्रीता म्हणते, आईला साखरेचा आजार नाही, तुला आहे. शिवाय याआधी कितीदा तरी अँटिबायोटिक घेऊन झालंय. तुझ्या जंतूंना कोणतं औषध लागू पडेल ते अंदाजाने नाही, लॅबमध्ये तपासूनच कळेल. माझ्याच घरी राहते आणि मलाच दटावते!

तपासणीसाठी तिने तिच्या हॉस्पिटलच्या लॅबमधून बाटली आणून दिली. हॉस्पिटलातली वस्तू, कुणाकुणाचे हात लागलेले. मी ती नळाखाली स्वच्छ घासून, उन्हात वाळवून मगच वापरली. माझ्या सोवळ्याचा तिला आधीच वैताग, म्हणून बोलले नाही.

भीमसेनला यातलं काही कळू देऊ नकोस. माझी एक किडनी त्याच्या पोटात आहे. उरलेली एक आजारी पडली असं कळलं, तर तो धावत येईल, आणि ती किडनी टिकवायच्या औषधांमुळे त्याला दवाखान्याची हवासुद्धा बाधते. बाकी ठीक. माया आहे ती तशीच ठेव.

तुझी,
अक्का

म्हैसूर, ६ फेब्रुवारी

ती. आईस सुप्रीताचा साष्टांग नमस्कार.

आत्याचा रिपोर्ट आला आणि काहीच कळलं नाही. चार प्रकारचे जंतू एकत्र वाढले आहेत. असा नमुना बिघडलेला मानतात, त्यावरून औषध ठरवता येत नाही. दुसऱ्यांचे नमुने असे आले की मी लॅबमध्ये चिडते. आज बाटलीवर माझ्याच आत्याचं नाव होतं. तिला सगळं नीट समजावून सांगितलं होतं गं, चूक कुठे झाली तेच उमजत नाही.

आज सकाळी तिने दुसरी बाटली भरून दिली आहे. तिचा रिपोर्ट यायला पुन्हा दोन-तीन दिवस. तोवर त्याच गोळ्या. काल तिला थंडी वाजून इतका ताप भरला की दात वाजत होते, आणि आता पाठीत एका बाजूला कळ येते. त्याच बाजूची किडनी उरली आहे. अॅडमिट हो म्हटलं, तर रिपोर्ट आल्यावर बघू म्हणते. एरवी सगळ्यांना मी धीर देते, पण आई, मला भीती वाटते आहे. ही किडनी गेली तर आत्याला डायलिसिसवर ठेवावं लागेल.

बाबांना काही बोलू नकोस, ते ऐकतील म्हणूनच फोन न करता लिहिते आहे. तुझ्या दोन ओळींची वाट बघते.

तुझी,
सुप्रीता

हुणसूर, ७ फेब्रुवारी

चि. सुप्रीतास आईचे आशीर्वाद.

ती दुसरी बाटली आत्ताच्या आत्ता टाकून दे! अक्कांनी पहिली बाटली नळाखाली घासून उन्हात वाळवली होती. मला तसं लिहिलं होतं त्यांनी. मी वाचून हसले, स्टाफरूममध्ये गंमत म्हणून सांगितलंही. तुझं पत्र वाचलं आणि लक्षात आलं, ते चार प्रकारचे जंतू त्या नळाच्या पाण्यातूनच आले असणार. दुसरीही त्यांनी धुतलीच असणार. त्यांना दोष देऊ नकोस बाळ, आपल्या घरात न धुता काही वापरलंय का कोणी?

आता त्यांचं काही ऐकू नकोस. अॅडमिट कर आणि नर्सच्या समोर नवा नमुना घे. रडल्या, रागावल्या तरी चालेल. तीनदा फोन लावला, लॅबमध्ये तू उचलत नाहीस, म्हणून राघवेंद्रला आज मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकायला लावली आहे, तो हे पत्र थेट लॅबमध्ये आणून देईल.

अक्कांचं चार दिवसांत काही कळलं कसं नाही, असं तुझे बाबा आज सकाळी विचारत होते. माझं तोंड बघूनच त्यांना संशय आला आहे. सांभाळ सगळ्यांना.

तुझी,
आई

म्हैसूर, १० फेब्रुवारी

ती. आईस नमस्कार.

त्या दिवशीच आत्याला उचलून नेलं. नमुना घेतला आणि मग डॉक्टरांनी अंदाजाने एक इंजेक्शन सुरू केलं. आज रिपोर्ट आला. तू ज्या गोळ्यांनी बरी झालीस, त्यांना तिचा जंतू मुळीच दाद देत नाही. अंदाजाच्या इंजेक्शनलाही नाही. लागू पडणारी औषधं दोनच निघाली, आणि त्यातलं एक किडनीला जड. उरलेलं एक दुपारी सुरू केलं. ताप अजून उतरलेला नाही. किडनीचे रक्तातले आकडेही वाईट आहेत.

आणि बाबा इथे आहेत. तू अडवलं असशीलच. तोंडाला मास्क बांधून दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. डॉक्टर बाहेर आले तसे हात जोडून कन्नडमध्ये म्हणाले, की अक्काची बंद पडली तर माझी काढून तिला लावा, मूळची तिचीच आहे. असं करता येत नाही, हे डॉक्टर समजावत राहिले. तर बाबा म्हणाले, की पंधरा वर्षं वापरली आहे, पण नीट ठेवली आहे, एकदा तपासून तरी बघा. मला तिथे उभं राहवेना. त्यांना मी घरी पाठवलं आहे, काळजी करू नकोस.

सुप्रीता

म्हैसूर, १५ फेब्रुवारी

चि. भीमसेनास अक्काचे अनेक आशीर्वाद.

ताप गेला. किडनी पुन्हा कामाला लागली असं डॉक्टर म्हणतात. पुढचा आठवडाभर इंजेक्शनं आहेत. हात अजून कापतो, अक्षर लावून घे.

तू दारात काय बोललास ते त्याच संध्याकाळी सुप्रीताने मला पाटीवर लिहून दाखवलं. असं कुणी बोलतं का रे? फार रागावले तुझ्यावर. मग तोंड फिरवून खूप रडले, ते मात्र तिला दिसलं नाही.

इतकी वर्षं मी धरून चालले होते की माझ्याजवळ एकच उरली आहे. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, की माझ्या दोन आहेत आणि एक तुझ्याकडे राहते. तेव्हा परत देण्याची भाषा पुन्हा काढू नकोस. माझी म्हणून तरी तिला वेळेवर पाणी देत जा.

तुझी,
अक्का