घुशीनं नेलेला गिअर

अहो,

लग्नानंतरच्या वीस वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. नेसरीला माहेरी गेले तरी चौथ्या दिवशी तुम्ही न्यायला हजर. मग लिहिणार कधी? आज लिहिते आहे, कारण उद्या खंडेनवमी आहे आणि शेडमध्ये हत्यारं मांडायला तुम्ही नाही.

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, भाऊजींना जाऊन वर्ष सरलेलं नाही, यंदा काही करू नका. आपली दीपा लगेच म्हणाली, "काकू, हत्यारांना कसलं सुतक असतंय?" मला वाटलं, तुम्हीच बोललात. तेव्हा उद्या पूजा होणार. पण त्याआधी मला एक सांगायचं आहे. तुम्हाला ते ठाऊक होतं, हे आता मलाही ठाऊक झालं आहे. तरी मी माझ्या तोंडानं कधी सांगितलं नाही, म्हणून सांगते.

किकचा गिअर मी लपवला होता.

मला बघायला आलात ते त्या लाल गाडीवरून. साडेतीनशे सीसीची, दोन सायलेन्सरची. "आवाज आधी आला आणि पावणं मागनं आलं," असं अव्वा मरेपर्यंत आपल्या लेकीच्या स्थळाबद्दल सगळ्यांना सांगायची. मला गाडी आवडली होती. मी ते कधी दाखवलं नाही, नाहीतर तुम्ही जमिनीवर राहिला नसता. लग्नानंतर दोनदाच मागं बसले. दोन्ही वेळा तुमचा शर्ट मुठीत धरून असा चुरगाळला की घरी आल्यावर इस्त्री मलाच करावी लागली.

मग पन्हाळ्याच्या उताराला तुम्ही पडलात. दीपा सहा महिन्यांची होती. मांडीच्या हाडात सळई घातली. तीन आठवडे मी दवाखान्यात तुमच्या कॉटशेजारी चटई टाकून झोपले. आणि शुद्धीवर आल्यावर तुमचा पहिला प्रश्न काय होता, आठवतंय? "गाडी कुठं हाय?" मी नाही, पोरगी नाही. गाडी. त्या दिवशी मला त्या गाडीचा सवतीचा यावा तसा राग आला.

गाडी टेम्पोत घालून आली, ती आपल्या पाचगाव रोडच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. कोणीही भंगारात दिली असती. तुम्ही पडलात पॅटर्न मेकर. शिरोलीच्या फौंड्रीत जन्म गेला. आधी लाकडाचा हुबेहूब भाग घडवायचा, त्यावरून वाळूत साचा, साच्यात लोखंड. जे मोडलं ते पुन्हा करता येतं, हा तुमचा धर्मच. सहा वर्षं रविवार आणि सुट्ट्या त्या शेडमध्ये गेल्या. सुटे भाग धुवायला माझी जुनी परात रॉकेलची झाली. सीटचं कव्हर तुम्ही माझ्या मशीनवर शिवून घेतलंत, त्यात तीन सुया मोडल्या. मी कुरकुरत शिवलं, पण टीप सरळ घातली. कामात मला खोट चालत नाही, हे तुम्हाला माहीत होतं.

शहाण्णवच्या नवरात्रात इंजिन बांधायचं ठरलं. दसऱ्याला गाडी बाहेर काढायची. आठवडाभर तुम्ही शीळ घालत फिरत होता आणि मला रात्री झोप नव्हती. डोळे मिटले की पन्हाळ्याचा उतार दिसायचा. मी तसं म्हटलं का तुम्हाला? नाही. "पोरीकडं बघा जरा," एवढंच म्हटलं. तुम्ही हसलात आणि दीपाला टाकीवर बसवलंत.

मग एका सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात आणि मी शेडमध्ये गेले. वर्तमानपत्रावर एकेक भाग ओळीनं मांडला होता. मुठीत मावेल असं एक दातेरी चाक उचललं. हा किकचा गिअर बसल्याशिवाय किक लागत नाही, हे तुम्हीच दीपाला सांगताना मी ऐकलं होतं. ब्लाउजच्या चिंधीत गुंडाळला, पावडरच्या रिकाम्या डब्यात घातला आणि डबा ट्रंकेत, माझ्या लग्नाच्या शालूखाली ठेवला.

तुम्ही किती शोधलात! पिठाची चाळण मागून नेलीत आणि शेडमधली सगळी धूळ चाळलीत. चाळण मी माझ्या हातानं दिली. संध्याकाळी ती धुऊन, पुसून परत आणून दिलीत. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. उलट मी म्हटलं, "घुशीनं नेला असेल. परसात बीळ आहे मोठं."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "घूस लोखंड खातीया व्हय?"

"खात नसेल. पण नेते की. साबण नेते, चमचे नेते," मी म्हटलं. खोटं बोलायला लागलं की माणूस किती हुशार होतं ना?

त्या वर्षी खंडेनवमीला तुम्ही पाट मांडून त्यावर हत्यारं ठेवलीत, रंधा, पटाशी, पाने सगळं, आणि इंजिन तसंच उघडं ठेवून त्याला हळदकुंकू लावलंत. तोंड एवढंसं झालं होतं. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं आहे. आता कशाला लपवू?

दोन वर्षं तुम्ही अधूनमधून शोधत होता. मग अव्वा आजारी पडली आणि मी नेसरीला गेले. तिला थंडी सोसत नव्हती. मी फोनवर सांगितलं, "येताना ट्रंकेतली लोकरीची शाल आणा. कुलपाची किल्ली देव्हाऱ्यात आहे." अव्वाच्या काळजीत माझ्या ध्यानातही आलं नाही की मी तुम्हाला कुठं हात घालायला सांगते आहे. तुम्ही शाल घेऊन आलात, अव्वाच्या अंगावर घातलीत, तिच्या पायाशी बसून राहिलात. मला एका शब्दानं बोलला नाहीत.

त्यानंतर तुम्ही शोधणं बंद केलंत. आणि त्यानंतरच ती चेष्टा सुरू झाली. दर खंडेनवमीला हत्यारं मांडून झाली की म्हणायचा, "एक कमी हाय. घुशीनं यंदाबी आणून दिला न्हाय." मी म्हणायची, "पुरे आता." तुम्ही म्हणायचा, "न्हाय, वाट बघायला काय जातंय? आमच्यातली घूस लई शहाणी हाय." दीपा हसायची. मीही हसायची, आणि आत जाऊन पुरण ढवळत बसायची. दहा वर्षं मला वाटत राहिलं की मी एका भोळ्या माणसाला फसवते आहे.

आणि शेवटी काय झालं? गाडीनं नाही नेलं तुम्हाला. जेवणाच्या सुट्टीत, पॅटर्न शॉपच्या बाकावर, डबा उघडून बसला होता. भाकरी अर्धी खाल्लेली होती. ज्या भीतीनं मी हे केलं, ती भीती रस्त्यावर पहारा देत बसली आणि मरण कारखान्याच्या दारानं आत आलं.

उन्हाळ्यात दीपा म्हणाली, "आई, मी बाबांची गाडी पुरी करणार." अठराची झाली आहे, डिप्लोमाला मेकॅनिकल घेतलंय, लायसन काढलंय. कोणावर गेली आहे, सांगायला नको. तुमचे दिलावर मिस्त्री मदतीला आले. मी चहा देत होते आणि मनात म्हणत होते, करू देत, गिअर नाही तोवर गाडी कुठं जाते? म्हणजे बघा, तुम्ही गेल्यावरही मी तेच करत होते. या वेळी पोरीशी.

एका रविवारी दीपानं मिस्त्रींना विचारलं, "काका, एवढा एक गिअर बाबांनी उद्यमनगरातल्या वर्कशॉपात का नाही कापून घेतला?"

मी दारात कप घेऊन उभी होते. खरंच की. कोल्हापुरात राहून, फौंड्रीत हयात घालवून, एका गिअरवाचून गाडी बारा वर्षं उभी राहते? जिथं नमुना दाखवला की परदेशी मशीनचा भाग चार दिवसांत तयार होतो, तिथं? हे शेंबड्या पोरानंही विचारलं असतं. मी एकदाही विचारलं नव्हतं.

मिस्त्री पान्यावरचं तेल पुसत म्हणाले, "म्या दोनदा म्हटलंतं की. दोन दिसाचं काम हाय, करून देतो. तुझा बा म्हणाला, नगं. त्यो गिअर घरातनंच यायला पायजे. भायेरचा बसवायचा न्हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "वैनी, आम्हाला काय त्याचं कोडं उलगडलं न्हाय बगा."

मी कप तिथंच ठेवला आणि आत गेले. ट्रंक बारा वर्षं मी तळापर्यंत उघडली नव्हती. शालूला हात लावायचीसुद्धा लाज वाटायची. शालू उचलला, त्याखाली डबा होता. पण तो प्लास्टिकच्या पिशवीत होता. मी पिशवीत ठेवला नव्हता. पिशवी दुहेरी होती, शालूला तेलाचा डाग लागू नये म्हणून. डब्यात माझी चिंधी नव्हती. पांढऱ्या फलालीनचा तुकडा होता आणि त्याला सुतळीची गाठ होती, तुम्ही जेवणाच्या डब्याला मारायचा तशी. सोडली. गिअरवर गंजाचा एक ठिपका नव्हता. बोटाला तेल लागलं.

म्हणजे दर खंडेनवमीला सगळ्या हत्यारांना तेल दिलंत तसं यालाही दिलंत. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असताना ट्रंक उघडायचा, तेल द्यायचा, गाठ मारायचा, शालू जसा होता तसा घालायचा. आणि बाहेर येऊन म्हणायचा, एक कमी हाय.

मी ट्रंकेपाशीच बसले. आधी रडले. मग राग आला तुमचा, खरंच सांगते. एका शब्दानं का नाही विचारलंत? विचारलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, पण बोलले असते. तुम्ही वाट बघत बसलात. वाट बघायला काय जातंय, म्हणायचा. जातं की हो. बारा वर्षं गेली. एका माणसानं भीती लपवली, दुसऱ्यानं ती सापडलेली लपवली, आणि मधे ती गाडी उभी राहिली. तुम्हाला माझ्या हातून तो हवा होता, एवढं साधं होतं. मी फक्त ट्रंक उघडायची होती.

रागावला होता का माझ्यावर? पहिल्या दिवशी तरी? नेसरीला अव्वाच्या पायाशी बसला होता, तेव्हा मनात काय होतं? हे आता कोणाला विचारू?

गिअर नेऊन दीपाच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. मिस्त्री उठून परसात गेले. दीपानं गिअर तळहातावर उलटापालटा करून बघितला. मग म्हणाली, "बाबा होते तेव्हा एका मिनटाचं काम होतं, आई." एवढंच. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारली, "बॅटरी धर जरा, आत दिसत नाही." मी बॅटरी धरली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिनं तो गिअर बसवला.

गेल्या रविवारी गाडी सुरू झाली. अकराव्या किकला. शेड धुरानं भरली, पत्रा थरथरायला लागला, शेजारचे गॅलरीत आले. तोच आवाज, नेसरीच्या दारात आला होता तो. दीपा रडत होती आणि हसत होती. मिस्त्रींनी टोपी काढून डोळे पुसले. मी भिंतीला धरून उभी होते. खोटं कशाला सांगू, भीती गेलेली नाही. पोरगी त्या सीटवर बसली की पुन्हा पन्हाळ्याचा उतार दिसतो. तुमच्या वेळी दिसायचा त्याच्या दुप्पट उभा.

परवा दसरा. सोनं लुटून झालं की दीपा गाडी बाहेर काढणार आहे. आधी रुद्रभूमीत, जिथं तुम्हाला माती दिली तिथं, तुमच्या समाधीपाशी येऊ, मग पुढं पन्हाळ्याकडं. मी मागं बसणार आहे, मीच शिवलेल्या सीटवर. शर्ट मात्र आता लेकीचा चुरगाळणार.

एक कबूल करते तुम्हाला. भीती वाटली तर तोंडानं सांगेन. दीपाला म्हणेन, सावकाश चालव, माझा जीव घाबरतो. तिनं ऐकलं तर ऐकलं. पण किल्ली, कागद, नट, काही म्हणजे काही लपवणार नाही. ट्रंकेला आता कुलूप नाही.

उद्या पाटावर हत्यारं मी मांडणार. तुमच्या फलालीनच्या तुकड्यानं एकेक पुसून ठेवली आहेत. यंदा एकही कमी नाही.

तुमची घूस,
गिरिजा